तार थांबेपर्यंत

तुणतुणं या वाद्याला आपल्या बोलण्यात काही मान नाही. एखादा माणूस तेच तेच सांगायला लागला की आपण म्हणतो, लावलं याने तुणतुणं. लाकडाचं एक पोकळ नळकांडं, बुडाला कातडं, बाजूला काठी, काठीला खुंटी आणि सगळी मिळून एक तार. एवढ्यावर कोणी काय वाजवावं? माझे पुतणे हल्ली ग्रामोफोनच्या तबकड्या आणतात, मोठमोठ्या लोकांचं गाणं लावतात आणि काकूला कळलं की नाही म्हणून माझ्या तोंडाकडे बघत बसतात. कळतं मला. मान डोलवण्यापुरतं सगळ्यांनाच कळतं. पण अंगावर येणारं गाणं मी आयुष्यात एकदाच ऐकलं, सोलापुरात, आमच्या घराच्या अंगणात, आणि ते त्या एका तारेवरचं होतं. ते चालू असताना मी त्या म्हाताऱ्या गोंधळ्याला मनातून शिव्या घालत होते, आणि त्याने थांबू नये म्हणून देवीला विनवतही होते.

शहरात तीस सालचा लष्करी कायदा येऊन गेला त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. माझ्या धाकट्या दिराचं लग्न झालं होतं आणि लग्नाचा गोंधळ घालायचा होता. कुळाची देवी तुळजापूरची, तेव्हा लग्नामागे गोंधळ हा ठरलेलाच. गोंधळीही ठरलेला. मैंदर्गीकडचा म्हातारा, आणि त्याच्याबरोबर संबळ वाजवणारा त्याचा मेहुणा. म्हाताऱ्याच्या बापाने माझ्या सासऱ्यांच्या लग्नात गोंधळ घातला होता. माझ्या लग्नात म्हातारा स्वतः होता. तेव्हा मी चौदा वर्षांची. नऊवारीत धड चालता येत नव्हतं आणि अर्ध्या गोंधळातच मला झोप लागली. नवऱ्याने कोपर मारून जागं केलं, तर मी सगळ्यांसमोर "काय आहे?" म्हणून त्याच्यावर ओरडले. बायका पदराआड हसल्या. गोंधळीही हसला आणि गाता गाता म्हणाला, "सूनबाई आत्तापास्नंच हाताबाहेर गेली की!"

नवरा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. केमला आमची थोडी जमीन वाटेकऱ्याकडे होती. आमच्या लग्नाला तीन-चार वर्षं झाली असताना एका रविवारी ती जमीन बघून येतो म्हणून तो सकाळच्या गाडीने गेला. "संध्याकाळी येतो" म्हणाला. केमच्या स्टेशनातल्या हमालाने त्याला गाडीतून उतरताना पाहिलं. वाटेकऱ्याकडे तो पोचला नाही. स्टेशन आणि शेत यांच्या मधल्या त्या उघड्या रानात जे काही झालं ते आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही. विहिरींत गळ टाकले, पोलिसांत वर्दी दिली, नातेवाईक मुंबईपर्यंत शोधून आले. कोणी म्हणालं बैराग्यांबरोबर गेला. कोणी म्हणालं बाईच्या नादाने गेला, आणि हे मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालं. मला दोन्ही चाललं असतं. जिवंत असला म्हणजे झालं.

तेव्हापासून मी ना धड सवाष्ण, ना धड दुसरं काही. कुंकू लावत होते, गळ्यात मंगळसूत्र होतं, हातात बांगड्या होत्या. पण हळदीकुंकवाची बोलावणी करणाऱ्या बायका आमच्या दाराशी आल्या की जरा घुटमळायच्या. काही आत यायच्या, काही पुढे जायच्या. पुढे गेलेल्यांना कारण विचारायची सोय नव्हती. या सगळ्यात माझ्या बाजूने उभं राहणारं घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे माझी सासू. एकदा चुलत जावेने माझ्या भांगातल्या कुंकवाबद्दल काहीतरी पुटपुटलं, तर सासूबाईंनी हातातली पळी तिच्या अंगावर उगारली. "माझा मुलगा जिवंत आहे. ज्याला सोसत नसेल त्याने आमच्याकडे पाणी पिऊ नये," म्हणाल्या. सासूशी माझं एरवी फारसं पटत नव्हतं. चहात साखर जास्त पडण्यापासून आमचे वाद व्हायचे. पण या एका बाबतीत ती माझी तटबंदी होती.

परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची असं शास्त्र सांगतं. त्यानंतर पळसाच्या देठांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. झाला तो माणूस मृत, झाली त्याची बायको विधवा. आमची बारा वर्षं त्याच साली भरत होती. आणि आमच्या घरात आणखी एक रीत होती, मेलेल्या माणसाचं आधी देवीच्या कानावर घालायचं, मग भटजींच्या.

ते कसं घालायचं, तर गोंधळात. गोंधळाच्या सुरुवातीला गोंधळी गावोगावच्या देवांना हाका मारून बोलावतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे देवांच्या मागोमाग घरातल्या गेलेल्या माणसांनाही बोलावत, लग्नाचा आनंद त्यांनीही बघावा म्हणून. एकेकाचं नाव घेऊन हाक. नाव घेतलं की त्याच्या सगळ्यांत जवळच्या माणसाने देवीपुढे मांडलेल्या चौकातल्या तांदळावर एक सुपारी ठेवायची. सुपारी बसली म्हणजे तो येऊन बसला. जिवंत माणसाला ही हाक कधी मारत नाहीत. तेव्हा ज्याची सुपारी बसली तो गेला, त्यावर पुन्हा बोलणं नाही.

गोंधळाच्या आधीचे दोन-तीन दिवस घरात माझ्यासमोर कोणी काही बोलत नव्हतं. म्हणजे बोलणं झालेलं होतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, शाळामास्तर. एरवी वाटीतल्या आमटीवरही दोन वाक्यं ऐकवणारा माणूस, तो माझी चाहूल लागली की पंचांगात डोकं घालायचा. नवी जाऊ पोरसवदा होती, ती माझ्याकडे बघायची आणि पटकन नजर काढून घ्यायची. अक्कलकोटच्या आत्या, म्हणजे मामंजींच्या केशवपन झालेल्या विधवा बहीण, चार दिवस आधीच येऊन राहिल्या होत्या. त्यांचं बोचकं मी ऊन दाखवायला अंगणात सोडलं. त्यात त्यांच्या नेहमीच्या दोन लुगड्यांखाली विधवेचं एक कोरं आलवण होतं, तांबडंभडक, घडीसुद्धा न मोडलेलं. आत्या तर वापरून मऊ झालेलीच नेसायच्या. कोणासाठी आणलं होतं ते मला विचारावं लागलं नाही. मी बोचकं होतं तसं बांधलं आणि न्हाणीघरात जाऊन माझे केस सोडून बघत बसले. माझे केस चांगले होते. तसं सांगायला आता लाज वाटायचं काही कारण नाही.

गोंधळाच्या दिवशी दुपारी म्हातारा येऊन मागच्या पडवीत टेकला होता. मी चहा घेऊन गेले. तो फार थकला होता. पूर्वीचा उंच, ताठ माणूस खांद्यात वाकला होता, एका डोळ्यात सारा पडून दिसेनासं झालं होतं, आणि कपातला चहा संपेपर्यंत तो दोनदा खोकल्याने गदगदला. तुणतुणं मांडीवर आडवं होतं. मेहुणा अंगणात ज्वारीची ताटं बांधून चौकाची तयारी करत होता. मागच्या तेलुगू विणकरांच्या घरांतून मागांचा खटखटाट चालू होता, त्यामुळे आमचं बोलणं दुसऱ्या कोणाला ऐकू जायचं भय नव्हतं.

मी एकदमच म्हणाले, "बाबा, त्यांना हाक मारू नका."

कोणाला हे त्याने विचारलं नाही. कप खाली ठेवला.

"मास्तरांनी मला अजून काय बी सांगितलं न्हाय, बाई."

"सांगितलं तर?"

"सांगितलं तर मारावी लागंल. घरधन्यानं नाव दिलं आन् गोंधळ्यानं गिळलं, असं कुटं आसतंय व्हय? नावं सरली की मी तीनदा इचारतो, आनखी कोन ऱ्हायलं म्हनून. तवा कुनी बोललं न्हाय, तर मी पुढं जानार. मला काय हौस हाय का तुमच्या कपाळाशी खेळायची?"

"तुम्ही गावोगाव फिरता. कुठे दिसले का हो कधी?"

"फिरतोय तर. लग्नात बघितलं हुतं त्यास्नी, ध्यानात हाय तोंड. जिथं गेलो तिथं बघत आलो. न्हाय दिसलं."

असं सांगताना माणसं निदान नजर तरी खाली घालतात. त्याने तेही केलं नाही. मला त्याचा राग आला. तरी पण आत जाताना माझे पाय हलके होते, कारण मामंजींनी अजून नाव दिलेलं नव्हतं. मी त्यांना ओळखत होते. वर्गात छडी मारणारा हा माणूस घरात मुलाचं नाव बारा वर्षं उच्चारू शकला नव्हता. तीनदा विचारल्यावर चारचौघांत ते नाव त्यांच्या तोंडून निघणार नाही असं मला वाटलं. आणि तो अंदाज बरोबर ठरला.

दिवेलागणीला गोंधळ सुरू झाला. अंगणात पाटावर खण, त्यावर तांदळाची रास, मधे कलश, वर पाच ताटांचा मांडव. दिवटी पेटली. दीर आणि नवी जाऊ पुढे बसली, मामंजी आणि सासूबाई शेजारी, आम्ही बायका भिंतीला धरून. आत्या माजघराच्या दारात, उंबऱ्याच्या आत. मागच्या भिंतीवरून विणकरांच्या चार-पाच बायका डोकावत होत्या. त्यांना मराठी जेमतेम कळायचं, पण गोंधळ चुकवायच्या नाहीत.

म्हाताऱ्याने झगा घातला, कवड्यांची माळ घातली, तुणतुणं काखेत धरलं, खुंटी पिळून तारेला कान लावला. आणि छेडलं.

गोड आवाज नव्हता त्याचा. मी आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल काय गळा असेल. गळा फुटका होता. वरच्या सुरात जाताना आवाजाची दोन शकलं व्हायची आणि मधे नुसता वारा निघायचा. पण त्याची एक लकब होती. तो तारेबरोबर गायचा नाही, तारेच्या थोडा मागून गायचा. तार पुढे जायची, आणि आवाज मागून असा निघायचा जसा कोणी पुढे गेलेल्या माणसाला गाठायला निघालंय. गाठतो की काय असं वाटायचं आणि तो पुन्हा मागे राहायचा. डाव्या हाताने काठी जरा दाबली की तार रडवेली व्हायची, सोडली की पुन्हा सावरायची. दुपारी खोकणारा म्हातारा कुठे गेला कळेना. माझ्या लग्नात हे सगळं असंच झालं असणार, आणि मी झोपले होते.

त्याने तुळजापूरच्या देवीला बोलावलं, सोलापूरच्या सिद्धरामाला बोलावलं, अक्कलकोटच्या स्वामींना, पलीकडच्या कानडी मुलखातल्या देवांना कानडीतून बोलावलं. मग घरातली माणसं. मामंजींच्या वडिलांचं नाव घेतलं आणि मामंजींनी सुपारी ठेवली. एक नियम मला तेव्हा प्रथमच नीट दिसला. सुपारी तांदळावर टेकेपर्यंत तार थांबवायची नाही. मधेच थांबली तर बोलावलेला वाटेत अडकून राहतो, ना इकडचा ना तिकडचा. म्हणून सुपारी टेकली की मगच म्हातारा बोट उचलायचा. तसा त्यात वेळ जात नव्हता. नाव, हाक, सुपारी, की पुढचं नाव. मामंजींची आई. दोन चुलते. तापाच्या साथीत गेलेली नणंद, तिची सुपारी सासूबाईंनी ठेवली आणि डोळे पुसले.

मग त्याने विचारलं, "आनखी कोन ऱ्हायलं?"

मामंजींचे ओठ हलले. मी बघत होते. माझं सगळं आयुष्य त्या पिकल्या मिशीखाली अडकलेलं होतं. आवाज आला नाही.

"आनखी कोन ऱ्हायलं?"

मामंजींनी मान खाली घातली. मी मनात म्हटलं, सुटले. आता एकदाच.

"आनखी कोन ऱ्हायलं?"

आणि सासूबाई बोलल्या. त्यांनी मुलाचं नाव घेतलं, पाळण्यातलं नव्हे, लहानपणी हाक मारायचं. मोठ्याने, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं. "त्याला बोलवा," म्हणाल्या. "सगळी आली. माझा तो तेवढा बाहेर राहिला. त्याच्या भावाचं लग्न आहे, त्याला बोलवा."

मला अजूनही खात्रीने सांगता येत नाही की आपण काय बोललो हे त्यांना कळलं होतं की नाही. त्यांनी एवढंच पाहिलं की ज्याला हाक मारतात तो येतो, त्याची सुपारी बसते, त्याचं पान वाढलं जातं. मुलीला बोलावलं, ती आली. मुलाला बारा वर्षांत कोणी बोलावलंच नव्हतं. जिवंत म्हणून वाट बघून तो येईना, मग तसा तरी येऊ दे. आईला त्यात विसंगती दिसली नाही. मला मात्र दिसली. माझ्या तटबंदीनेच आतून दार उघडलं होतं. त्या क्षणी मी त्या बाईचा जेवढा द्वेष केला तेवढा कोणाचाच केलेला नाही.

म्हाताऱ्याने आधी मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी नाही म्हटलं नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांत जवळचं माणूस म्हणजे मी. आत्या उंबऱ्यावरून म्हणाल्या, "जा गं, ऊठ." दिराने सुपारी पुढे केली. ती मी घेतली, चौकापुढे बसले, आणि म्हाताऱ्याने नवऱ्याच्या नावाची हाक मारली.

मी सुपारी ठेवली नाही. मूठ मिटली आणि मांडीवर ठेवली.

एकदा हाक संपली. त्याने माझ्या मुठीकडे पाहिलं. तार थांबवता येत नव्हती, म्हणून त्याने पुन्हा हाक घेतली. पुन्हा संपली. तिसऱ्यांदा घेतली तेव्हा मला कळलं, की जोवर हा वाजवतोय तोवर काही झालेलं नाही. जोवर तार वाजतेय तोवर मी कुंकू लावलेली बाई आहे. आणि त्यालाही ते कळलं. कसं कळलं ते मी सांगू शकत नाही, पण त्याने बैठक बदलली. पाय फाकून उभा राहिला, तुणतुणं वर घेतलं, लांबच्या वाटेला निघताना माणूस गाठोडं सारखं करतो तसं, आणि गायला लागला. ते गोंधळातलं गाणं नव्हतंच. जिथल्या तिथे सुचेल तसं तो म्हणत होता.

"वाटंवर आसलास तर वाटंवरनं ये. पान्यात आसलास तर पान्यातनं ये. कुनाच्या दारी जेवाय बसला आसलास, तर हात धुवून ये."

जेवाय बसला असलास तर! मेलेल्याला कोणी असं बोलावतं का? त्याने हाक मारायचा नियम पाळला होता, आणि त्या हाकेतच नवऱ्याला जिवंतही ठेवलं होतं. गाडीत असलास तर पुढल्या ठेसनावर उतर. रागावला असलास तर तसाच रागानं ये, आल्यावर भांड. दर ओळीला तार पुढे, आवाज मागे, आणि दर ओळीनंतर मी अंगणाच्या दाराकडे बघत होते. नुसती मीच नव्हे. सासूबाई तर दारावरची नजर काढतच नव्हत्या. दीर बघत होता. भिंतीवरच्या विणकरणी, ज्यांना शब्द कळत नव्हते, त्याही दाराकडे बघून रडत होत्या.

संबळ मधेच थांबला. मेहुण्याला कळेना काय चाललंय. "दाजी, पुरं करा की," तो दबक्या आवाजात म्हणाला. म्हाताऱ्याने ऐकलं नाही. नुसती तार राहिली. मामंजी भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. आत्या "साकु, साकु", म्हणजे पुरे, पुरे, म्हणत होत्या. चिडल्या की त्या कानडीत शिरायच्या. मला म्हणत होत्या की गोंधळ्याला, देव जाणे.

म्हाताऱ्याचा श्वास तुटायला लागला. एक ओळ पुरी व्हायला आता दोनदा थांबावं लागत होतं. खोकला आला तो त्याने गिळला, तोंड लाल झालं, झग्याची पाठ घामाने चिकटली. छेडणारं बोट सुजलं होतं, तो मधून मधून दुसऱ्या बोटाने छेडायचा. आणि मी काय करत होते? मी मनात म्हणत होते, वाजव. पडलास तर पड, पण वाजव. तुझं काय जातंय, तू म्हातारा आहेस, मी तिशीचीही नाही. असं मी खरंच म्हणत होते. मुठीत सुपारी रुतून हात बधिर झाला तरी मूठ उघडत नव्हते.

मग केव्हातरी शब्द संपले. त्याच्याकडे हाक उरली, नुसतं नाव. नाव आणि "ये". नाव आणि "ये". फाटलेल्या आवाजात, तारेच्या मागून, पुन्हा पुन्हा. त्या आवाजात आता कसब काही राहिलं नव्हतं. आणि ते ऐकताना मला एकदम ओळख पटली. हे मी रोज करत आले होते. बारा वर्षं, पाणी भरताना, निवडण करताना, गाडीची शिट्टी ऐकताना, हेच, एवढंच. आतून करताना ते मला फार मोठं वाटायचं. बाहेरून पहिल्यांदाच ऐकलं. एक थकलेला माणूस रिकाम्या दाराकडे तोंड करून ओरडतोय आणि दारात कोणी नाही. कधीच कोणी नव्हतं. एवढ्या हाका ऐकून जो येत नाही तो कुठल्याही गावात नसतो. मला हे पटलं. पटावं अशी माझी मुळीच इच्छा नव्हती.

मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता, एका डोळ्याने, आणि वाजवत होता. त्याने मला ठेव म्हणून खूण केली नाही. त्याने पहाटेपर्यंत वाजवलं असतं आणि मग मेला असता, याबद्दल मला आजही शंका नाही.

"पुरे, बाबा," मी म्हटलं, आणि सुपारी तांदळावर ठेवली.

त्याने बोट उचललं. विणकरांचे माग केव्हाच बंद झाले होते, त्यामुळे फार शांत झालं. म्हातारा तिथेच खाली बसला आणि मेहुण्याने त्याला पाणी दिलं.

हाका संपल्या की आख्यानाच्या आधी बोलावलेल्यांची पानं वाढायची असतात. चौकाच्या कडेने पत्रावळी मांडल्या गेल्या. नेहमीपेक्षा एक जास्त. मी सवयीने वाढायला उठले, तशा आत्या उंबऱ्यातून म्हणाल्या, "तू नको. तू आता वाढायचं नाहीस. इकडे माझ्याजवळ येऊन बस." त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. त्यांनाही कधीतरी कोणीतरी असंच बोलावून घेतलं असेल.

सासूबाईंनी मागे न बघता म्हटलं, "त्याचं पान तीच वाढेल. बाकीची मी बघते."

मग मी वाढलं. मीठ, चटणी, कोशिंबीर, भात, पुरण. लग्नानंतरच्या त्या तीन-चार वर्षांत त्याला जेवायला नेहमी सासूबाईच वाढायच्या, मी आतून भांडी पुरवायची. त्याच्या पानापुढे वाढणारी म्हणून मी त्या दिवशी पहिल्यांदाच बसले. भातावर तूप घालायला लागले आणि मला कळेना, किती घालू. त्याला तूप आवडायचं की नाही, हेच मला माहीत नव्हतं. मी धार धरून राहिले. कोणीतरी पुरे म्हणेल म्हणून थांबले. तूप भातावरून ओघळून पत्रावळीत पसरलं.

सासूबाईंनी वाकून पानावर आडवा हात धरला. "बस," त्या म्हणाल्या. "त्याला एवढं लागत नाही."